प्लास्टिकच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी: धोका नेमका कुठे असतो आणि तो कमी कसा करायचा

प्लास्टिकची तयार वस्तू थंड, कडक आणि बहुधा निरुपद्रवी असते. ती तयार होताना मात्र प्लास्टिक वितळतं, दळलं जातं, कापलं जातं, चिकटवलं आणि छापलं जातं. या प्रत्येक कामात वाफा, धूळ किंवा द्रावकं (थिनरसारखी विरघळवणारी रसायनं) हवेत उतरतात, आणि ती हवा वस्तू विकत घेणाऱ्याच्या नव्हे, बनवणारीच्या छातीत जाते.

पूर्ण शिफ्टभर धोका एकसारखा नसतो. तो काही ठरावीक जागी आणि काही ठरावीक मिनिटांत एकवटलेला असतो: मशीनचं बॅरल, म्हणजे प्लास्टिक वितळवणारी नळी, रिकामं करताना, मोल्ड उघडल्यावर, ग्राइंडरचं झाकण काढल्यावर, चिंधी थिनरमध्ये बुडवल्यावर. बऱ्याच कारखान्यांत मशीन चालवणं पुरुषांकडे असतं, तर गरम माल काढणं, कडा साफ करणं, पुसणं, छपाई, चिकटवणं आणि पॅकिंग स्त्रियांकडे असतं. ही कामं ‘हलकी’ समजली जातात. म्हणूनच तिथे एक्झॉस्ट बसवायचं कोणाच्या मनात येत नाही. ती मिनिटं शोधून काढणं आणि एकेक करून निकामी करणं, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

पायरी १: आपल्या शॉपफ्लोअरचा नकाशा काढा

एक मोठा कागद घ्या. मशीन, हॉपर, ग्राइंडर, छपाईचं टेबल, दारं, खिडक्या, पंखे, एक्झॉस्ट, पाण्याची जागा, जेवायची जागा, सगळं त्यावर काढा. वास कुठे येतो, डोळे कुठे चुरचुरतात, धूळ कुठे बसते आणि हे कोणत्या वेळी होतं, ते वेगवेगळ्या रंगांनी दाखवा. हे काम एकटीने करू नका. दिवसपाळीत दिसत नाही ते रात्रपाळीच्या बाईला ठाऊक असतं, आणि झाडलोट करणाऱ्या बाईला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

पहिली जागा हॉपर (कच्चा माल ओतायचं नरसाळं) आणि मिक्सिंगची. कच्चा माल दाण्याच्या रूपात असेल तर धूळ कमी उडते. पावडर असेल, विशेषतः पीव्हीसीची पावडर, कोरडे रंग आणि स्टॅबिलायझर (उष्णतेत प्लास्टिक टिकवणारा पदार्थ), तर पोतं ओततानाच्या एका मिनिटात शिफ्टभराची धूळ नाकात जाऊ शकते. काही पीव्हीसी स्टॅबिलायझरमध्ये शिसं असतं आणि काही पिवळ्या-लाल रंगद्रव्यांत कॅडमियम. इथला खरा उपाय मास्क नाही. कोरड्या रंगाऐवजी मास्टरबॅच वापरायचा, म्हणजे रंग आधीच प्लास्टिकच्या दाण्यात बांधलेला असतो, आणि स्टॅबिलायझर शिसं नसलेला घ्यायचा.

मोल्डिंग (साच्यात भरणं) आणि एक्सट्रूजनचं (तोंडातून सलग बाहेर ढकलण्याचं) मशीन योग्य तापमानाला नीट चालू असताना तुलनेने कमी वाफा सोडतं. खरी वाईट वेळ पर्जिंगची. रंग किंवा मटेरियल बदलताना बॅरलमधला जुना माल बाहेर काढतात, तो वितळलेला लोंदा जमिनीवर किंवा उघड्या ट्रेमध्ये धुमसत पडून राहतो आणि शेजारी माल काढायला उभी असलेली बाई तो धूर ओढत राहते. माल बॅरलमध्ये जास्त वेळ थांबला किंवा तापमान चढलं, तर प्लास्टिक तुटू लागतं. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. अ‍ॅसिटल, म्हणजे पीओएममधून फॉर्माल्डिहाइड निघतो आणि एबीएस या प्लास्टिकमधून स्टायरीन, अ‍ॅक्रिलोनायट्राइल यांसारख्या वाफा. पीव्हीसी आणि अ‍ॅसिटल एकाच बॅरलमध्ये कधीही एकमेकांत मिसळू देऊ नयेत. दोन्ही वेगाने विघटित होतात आणि वायूच्या दाबाने वितळलेला माल बाहेर उडू शकतो. पर्ज केलेला लोंदा लगेच पाण्यात किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकायचा आणि त्या वेळी ज्यांचं काम नाही त्यांनी तिथून हलायचं. हा नियम बसवायला जवळपास काहीच खर्च येत नाही, म्हणून मागण्यांची सुरुवात मी याच्यापासूनच करायला सांगेन.

फिनिशिंगमध्ये गरम पात्याने किंवा तापलेल्या तारेने कापणं असेल तर त्याकडे खास लक्ष द्या. १९७३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांसाची पाकिटं गुंडाळणाऱ्या कामगारांमधल्या दम्याची नोंद केली. पीव्हीसीची पातळ फिल्म गरम तारेने कापताना उठणारा धूर त्यांच्या श्वासात जात होता. कामगार पॅकिंगचे होते, धूर दिसायला किरकोळ होता, आणि तरी छाती आवळत होती. तार थोडी कमी तापवणं किंवा थंड पातं वापरणं, इतक्यानेही अशा ठिकाणी फरक पडतो.

फायबरग्लासच्या कामात रेझिन उघड्या मोल्डवर ब्रशने किंवा रोलरने लावतात. स्टायरीनशी सगळ्यात जास्त संपर्क प्लास्टिकच्या जगात बहुधा इथेच येतो, कारण वाफ सोडणारा पृष्ठभाग मोठा असतो आणि काम करणारीचं तोंड त्याच्यावर वाकलेलं असतं. फोमच्या लाइनवर टीडीआय, एमडीआय ही आयसोसायनेट प्रकारची रसायनं असतात. एकदा शरीराने त्यांची अ‍ॅलर्जी धरली की नंतर अगदी थोड्या प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो. छपाई, ग्लूइंग आणि पुसण्याच्या टेबलावर टोल्यूइन, अ‍ॅसिटोन, एमईके (मिथाइल इथाइल कीटोन), कधी मेथिलीन क्लोराइड असतं. कृत्रिम चामड्याच्या पॉलियुरेथेन कोटिंगमध्ये डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, आढळतं आणि ते यकृताला घातक आहे. ग्राइंडरपाशी धूळ आणि आवाज दोन्ही.

शेवटी साफसफाई आणि देखभाल. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लुईव्हिल इथल्या बी. एफ. गुडरिच कंपनीच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमध्ये यकृताचा अतिशय दुर्मीळ कर्करोग, अँजिओसार्कोमा, आढळल्याचं जाहीर झालं. त्या कामात रिअ‍ॅक्टरच्या आत उतरून भिंतींना चिकटलेला थर खरवडून काढावा लागत असे. तोवर अमेरिकेत विनाइल क्लोराइडची मर्यादा ५०० पीपीएम होती, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग. ती सरासरी १ पीपीएमवर आणली गेली. कारखाने बंद पडले नाहीत, यंत्रणा बंदिस्त झाल्या. ‘हे शक्यच नाही’ असं कोणी सांगितलं तर हे उदाहरण जवळ असू द्या.

पायरी २: पदार्थाचं खरं नाव मिळवा

‘थिनर’, ‘क्लीनर’, ‘स्प्रे’, ‘हार्डनर’ ही नावं नव्हेत. प्रत्येक ड्रम, डबा आणि स्प्रेची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे एसडीएस, मागा. जगभर तिचा साचा एकच आहे, १६ विभागांचा. सगळे वाचायची गरज नाही. विभाग २ मध्ये धोका, ३ मध्ये घटक आणि त्यांचे सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक), ८ मध्ये मर्यादा आणि हातमोज्यांचा प्रकार, १० मध्ये तापल्यावर काय निघतं ते आणि ११ मध्ये शरीरावरचे परिणाम असतात. दाण्याच्या एसडीएसमध्ये विभाग २ बहुधा ‘धोकादायक नाही’ म्हणतो, कारण तो थंड दाण्याबद्दल बोलतो. तुमचा दाणा थंड नसतो, म्हणून आधी विभाग १० वाचा.

त्यानंतर धोक्याचे हे संकेत शोधा (इंग्रजीत H360 असे छापलेले असतात). एच ३६० म्हणजे प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. एच ३६१ म्हणजे तसा संशय आहे. एच ३६२ म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाला अपाय होऊ शकतो. एच ३५० कर्करोगासाठी, एच ३४० जनुकीय दोषांसाठी, एच ३३४ श्वासातून अ‍ॅलर्जी किंवा दम्यासाठी आणि एच ३१७ त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी. लाल चौकटीत माणसाच्या छातीवर ताऱ्यासारखा फुटलेला आकार दिसला, तर या गंभीर, उशिरा कळणाऱ्या परिणामांपैकी काहीतरी त्या डब्यात आहे असं समजा.

प्लास्टिकशी संबंध येणाऱ्या पदार्थांपैकी विनाइल क्लोराइड, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन आणि १,३-ब्युटाडाइन यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. स्टायरीन २०१८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात गेलं. युरोपात डीईएचपी हा प्लास्टिक मऊ करणारा थॅलेट, बिस्फेनॉल ए, डीएमएफ आणि शिसं यांचं वर्गीकरण प्रजननाला घातक म्हणून झालेलं आहे. काही शाई आणि थिनरमधले २-मेथॉक्सिइथेनॉल, २-इथॉक्सिइथेनॉल हे ग्लायकॉल इथरही त्याच यादीत आहेत. ही नावं एका वहीत लिहून ठेवा आणि नकाशावरच्या जागांशी जुळवा.

पायरी ३: स्त्रीच्या शरीराचा हिशोब वेगळा का, ते समजून घ्या

काही प्लास्टिकमधले घटक शरीरातल्या संप्रेरकांसारखे (हार्मोनसारखे) वागतात किंवा त्यांच्या कामात अडथळा आणतात. बिस्फेनॉल ए पेशींमधल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या रिसेप्टरना चिकटतं, तर काही थॅलेट संप्रेरकांची घडण बिघडवतात. संप्रेरकं मुळात फार सूक्ष्म प्रमाणात काम करतात, म्हणून इथे ‘थोडंसंच आहे’ या उत्तरावर समाधान मानता येत नाही. शरीर घडण्याच्या, बदलण्याच्या काळात, म्हणजे वयात येताना, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना, स्तनाच्या पेशी विशेष संवेदनशील असतात.

कॅनडातल्या दक्षिण ओंटारिओमध्ये झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे एक हजार आणि न झालेल्या सुमारे साडेअकराशे स्त्रियांच्या नोकऱ्यांचा पूर्ण इतिहास त्यात तपासला होता. मोटारींचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या उद्योगात काम केलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा ऑड्स रेशो, म्हणजे असं काम न केलेल्यांशी तुलना करून काढलेलं शक्यतेचं गुणोत्तर, २.६८ निघाला, आणि रजोनिवृत्तीआधी आजार झालेल्यांमध्ये ४.७६. एका अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, पण काळजी घ्यायला तेवढ्या पुराव्याची वाट पाहायची नसते. नोकरीचा इतिहास विचारलाच नाही तर असे आकडे कधी समोरच येत नाहीत.

हवेतल्या मर्यादांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या एकेका रसायनासाठी ठरतात आणि जुन्या अभ्यासांत प्रामुख्याने पुरुष कामगार होते. तुमच्या टेबलावर चार रसायनं एकत्र असतात. प्रत्येकाचा आकडा मर्यादेच्या खाली आहे, एवढं सांगून प्रश्न मिटत नाही.

आणि वासावर भरवसा ठेवू नका. स्टायरीनचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण थोड्या वेळात नाक सरावतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. टीडीआयचा वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते आणि एमडीआयला जवळपास वासच नसतो. विनाइल क्लोराइडचा वास यायला हवेत त्याचं प्रमाण हजारो पीपीएम लागतं.

पायरी ४: तक्रारींची वही ठेवा

तारीख, शिफ्ट, जागा, चालू असलेलं मटेरियल, त्रास, आणि सुट्टीच्या दिवशी तो कमी झाला का. एवढे सहा रकाने पुरेत. ‘डोकं दुखतं’ ही तक्रार सहज झटकून टाकतात. ‘पर्जिंग झालं त्या दिवशी लाइनवरच्या चौघींचं डोकं दुखलं आणि रविवारी कोणाचंच दुखलं नाही’ ही नोंद झटकता येत नाही.

मासिक पाळीतले बदल, गर्भ न राहणं, गर्भपात याही गोष्टी वहीत याव्यात. मात्र हा जिचा-तिचा खाजगी विषय आहे. अशी माहिती नावाशिवाय गोळा करा आणि कारखान्याच्या हाती फक्त एकूण आकडे द्या. हा भरवसा नसेल तर कोणी बोलणार नाही, आणि नको त्या माहितीचा वापर एखादीला काढून टाकण्यासाठीही होऊ शकतो.

पायरी ५: हवा बदला, माणसं नाही

उपायांचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटू द्यायचा नाही. आधी घातक पदार्थ बदला. नाही जमलं तर प्रक्रिया बंदिस्त करा. तेही नाही जमलं तर वाफ जिथे निघते तिथूनच ओढून घ्या. मग कामाच्या वेळा आणि पद्धत बदला. मास्क आणि हातमोजे सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात सुरुवात मास्क वाटण्यापासून होते आणि तिथेच संपते.

वाफ ओढणाऱ्या हूडबद्दल एक साधं गणित लक्षात ठेवा. हूडच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतक्या अंतरावर गेलं की ओढ तोंडाशी असते त्याच्या सुमारे १० टक्के उरते. म्हणजे २० सेंटीमीटर व्यासाची नळी वाफेपासून २० सेंटीमीटर दूर असेल तर ती जवळपास निरुपयोगी आहे. छपराखाली लावलेला मोठा पंखा टेबलावरची वाफ तुमच्या तोंडावरूनच वर नेतो. पर्जिंगच्या नॉझलपाशी, गरम कटरच्या मागे आणि छपाईच्या टेबलाच्या कडेला हूड हवा, आणि वाफेची वाट तुमच्या चेहऱ्याकडून न जाता विरुद्ध दिशेने जायला हवी.

तपासायला यंत्र लागत नाही. पातळ टिश्यूची अरुंद पट्टी काडीला बांधून वाफ निघते त्या जागी धरा. ती हूडकडे ठामपणे ओढली गेली तर ठीक, नुसती थरथरली किंवा तुमच्याकडे वळली तर एक्झॉस्ट काम करत नाही. द्रावकांजवळ ज्योत किंवा जळती वस्तू घेऊन ही चाचणी करू नका. स्टँडचे पंखे कुठे वळवले आहेत तेही पाहा. एकीला थंडावा देणारा पंखा दुसरीच्या तोंडावर धूर सोडत असतो आणि हूडची ओढही मोडतो.

हवेचं मोजमाप होणार असेल तर ते कधी आणि कुठे होणार, हे आधी विचारा. नमुना घेणारं यंत्र खोलीच्या कोपऱ्यात ठेवून चालत नाही. ते काम करणारीच्या कॉलरपाशी, नाका-तोंडाजवळ लावायला हवं. आठ तासांच्या सरासरीबरोबर पर्जिंग आणि साफसफाईच्या १५ मिनिटांचं वेगळं मोजमाप मागा. मोजमापाच्या दिवशी लाइन हळू चालवली किंवा सगळी दारं उघडी ठेवली, तर ते वहीत तसंच लिहा.

पायरी ६: हातमोजे आणि मास्क, पण योग्य तेच

कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफा अडवत नाही. एन ९५ धूळ अडवतो, वाफा नाही. द्रावकांच्या वाफांसाठी सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, आणि कार्ट्रिज वास येऊ लागल्यावर नव्हे, तर ठरलेल्या वेळापत्रकाने बदलायचं. रेस्पिरेटर चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर तो नुसताच ओझं होतो. बाजारात मिळणारे बरेच मास्क पुरुषांच्या चेहऱ्याच्या मापावर बनलेले असतात. म्हणून लहान मापं मागा आणि प्रत्येकीची फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी) व्हायला हवी असा आग्रह धरा. डोक्याचा रुमाल किंवा केस मास्कच्या कडेखाली येऊ देऊ नका. गरोदरपणात वजन आणि चेहरा बदलला तर फिट पुन्हा तपासा.

हातमोज्यांच्या बाबतीत सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे निळे नायट्राइलचे मोजे सगळ्याला चालतात. एकदा वापरून फेकायच्या पातळ नायट्राइलमधून अ‍ॅसिटोन आणि मेथिलीन क्लोराइड काही मिनिटांत आत शिरतात. मोजा कोरडा दिसतो आणि आत त्वचेवर द्रावक दाबून बसलेलं असतं. अ‍ॅसिटोनसाठी ब्युटाइल रबर चांगलं, तर स्टायरीन आणि मेथिलीन क्लोराइडसाठी अनेक थरांचे लॅमिनेट मोजे. नेमका प्रकार एसडीएसच्या विभाग ८ मध्ये आणि मोजे बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात मिळतो. फिरत्या भागांजवळ मात्र मोजे घालू नका, ते अडकून हात आत ओढला जातो. केस बांधलेले आणि कपड्यांची टोकं खोचलेली असू द्या.

थिनरने हात धुणं बंद करा. त्वचेचं तेलकट संरक्षण निघून जातं आणि पुढची रसायनं आणखी सहज आत जातात. साबण आणि पाणी हाताशी हवं. हात शौचाला जाऊन आल्यावर धुतो तसे जाण्याआधीही धुवा, आणि पॅड बदलण्याआधी नक्की.

पायरी ७: आवाज, उष्णता, सांधे, रात्रपाळी

अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगारांच्या सुरक्षेच्या संस्थेची शिफारस आठ तासांसाठी ८५ डेसिबलची आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. ग्राइंडर याच्या पुढे सहज जातो. शेजारच्या बाईशी हातभर अंतरावरून ओरडून बोलावं लागत असेल तर मर्यादा ओलांडली आहे असं धरा. स्टायरीन आणि टोल्यूइन कानालाही इजा करतात आणि आवाजासोबत ही इजा वाढते. ग्राइंडरला बंदिस्त खोली किंवा आवाज शोषणारं आवरण मिळायला हवं.

कडा कापण्याच्या कामात तोच मनगटाचा झटका शिफ्टभर होत राहतो. बोटांना मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं ही कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातली नस दबण्याच्या त्रासाची, सुरुवात असू शकते. धारदार पातं, जाड मूठ, कोपराच्या उंचीचं टेबल आणि दर तास-दोन तासांनी कामाची अदलाबदल यांनी बरंच टळतं. मोल्ड नीट दुरुस्त केला तर फ्लॅशच, म्हणजे कडेला येणारं जादा प्लास्टिकच, कमी येतो आणि मुळात कापायचं कामच घटतं. हा उपाय फार कमी वेळा सुचवला जातो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

शौचालय लांब किंवा अस्वच्छ असलं, किंवा जायला परवानगी मागावी लागली, की स्त्रिया पाणी पिणंच कमी करतात. बॅरलच्या उष्णतेत त्याने चक्कर, मूतखडे आणि लघवीचा संसर्ग मागे लागतो. लाइनवर बदली बाई ठेवणं ही आरोग्याची मागणी आहे, सवलतीची नाही. रात्रपाळीच्या कामालाही आयएआरसीने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे, तेव्हा शिफ्टचा क्रम ठरवताना रसायनांच्या जागेइतकंच त्याकडेही पाहा.

पायरी ८: मूल हवं असताना, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरोदरपण जाहीर झाल्यावर काळजी सुरू करणं. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. मुख्य अवयव आठव्या आठवड्यापर्यंत घडलेले असतात. अनेकींना तोपर्यंत नीट कळलेलंही नसतं. म्हणून एच ३६० असलेल्या पदार्थांवरचं नियंत्रण लाइनवरच्या सगळ्यांसाठी कायमच चोख असायला हवं.

त्यातही शिशाचं वेगळं. ते हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम सुटतं तसं शिसंही सुटून बाळापर्यंत जातं. पूर्वी अशा कामावर असलात आणि आता नसलात तरी रक्तातलं शिसं तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळलं तर त्याचा उगम शोधून उपाय करायचे असतात. मेथिलीन क्लोराइडचं शरीरात कार्बन मोनॉक्साइड होतं आणि त्याने बाळाचा प्राणवायू कमी पडतो, म्हणून गरोदर बाईने त्याच्या जवळ थांबूच नये.

गरोदरपणी शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका, विशेषतः पहिल्या महिन्यांत. मोठ्या आवाजापासून इअरप्लग तुम्हाला वाचवतात, पोटातल्या बाळाला नाही, त्यामुळे ग्राइंडरची जागा सोडणं हाच उपाय. फार वेळ उभं राहणं, पोत्यांचं ओझं आणि रात्रपाळीही या काळात कमी करा.

मागणी लिहून द्या. ‘गरोदर असल्यामुळे हलकं काम द्यावं’ असं लिहू नका, कारण हलक्या कामाच्या नावाखाली छपाईच्या टेबलावर बसवतात. ‘अमुक जागी अमुक रसायन आहे, त्याच्या एसडीएसमध्ये हा संकेत आहे, म्हणून त्याच पगारावर रसायन नसलेल्या जागी काम द्यावं’ असं लिहा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तिच्या किंवा बाळाच्या आरोग्याला अपायकारक ठरवलेलं काम करायला भाग पाडू नये, असं तत्त्व आहे. तुमच्या देशाचा कायदा याहून कमी देतो की जास्त, हे युनियनकडून किंवा कामगार खात्याकडून विचारून घ्या.

या संरक्षणाचा उलटा वापरही झालेला आहे. अमेरिकेत एका बॅटरी कंपनीने शिशाच्या कामातून मूल होऊ शकणाऱ्या सगळ्याच स्त्रियांना वगळलं होतं. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं. शिसं पुरुषांच्या वीर्यावरही परिणाम करतं. बायकांना दाराबाहेर ठेवून विष आतच ठेवलं, तर कोणाचंच रक्षण होत नाही.

अंगावर पाजणं या भीतीने परस्पर बंद करू नका. दुधाचे फायदे मोठे आहेत आणि बहुतेक वेळा संपर्क कमी करणं हाच योग्य मार्ग असतो. शिसं किंवा जास्त प्रमाणात द्रावकं असतील तर तपासणी करून डॉक्टरांशी बोलून ठरवा. दूध काढून ठेवायची जागा शॉपफ्लोअरपासून दूर, स्वच्छ आणि हात धुण्याची सोय असलेली हवी.

पायरी ९: डॉक्टरांकडे जाताना

बहुतेक डॉक्टर ‘काय काम करता?’ एवढंच विचारतात आणि ‘कंपनीत’ या उत्तरावर थांबतात. तुम्हीच पुढचं सांगा: कोणती लाइन, कोणती रसायनं, किती वर्षं, सुट्टीत बरं वाटतं का. वही आणि एसडीएसची प्रत बरोबर न्या.

धाप किंवा शिट्टीसारखा श्वास असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, मागा. कामामुळे दमा होतो का हे ओळखायला पीक फ्लो मीटर या फुंकायच्या लहान यंत्रावर दिवसातून किमान चार वेळा, दोन ते चार आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस धरून नोंदी करतात. दवाखान्यात एकदाच फुंकून हा दमा बऱ्याचदा पकडता येत नाही. स्टायरीनसाठी शिफ्टच्या शेवटी घेतलेल्या लघवीत मँडेलिक आणि फिनाइलग्लायॉक्सिलिक आम्ल तपासतात. डीएमएफवर काम असेल तर यकृताची तपासणी नियमित हवी. बिस्फेनॉल ए काही तासांतच शरीराबाहेर जातं, त्यामुळे सुट्टीनंतरच्या नमुन्यात ते कमी आढळलं म्हणून निश्चिंत होऊ नका. स्तनात गाठ, निप्पलमधून स्राव किंवा त्वचेवर खळी दिसली तर वय कमी आहे म्हणून थांबू नका.

पायरी १०: घरी काहीही नेऊ नका

कामाचे कपडे आणि चपला कारखान्यातच बदला, शक्य असेल तर तिथेच धुऊन मिळायला हवेत. घरी धुवावे लागले तर वेगळे धुवा, झटकू नका. शिशाची धूळ कपड्यांवरून रांगणाऱ्या मुलांपर्यंत जाते. शॉपफ्लोअरवर जेवू-पिऊ नका, डबा आणि पाण्याची बाटली मशीनपाशी ठेवू नका.

पायरी ११: एकत्र मागा आणि कागद जपा

वर्षभराच्या मागण्यांची यादी एकदम दिली तर सगळ्यांवर ‘बघू’ येतं. एकच जागा आणि एकच वेळ निवडा, उदाहरणार्थ मटेरियल बदलताना होणारं पर्जिंग. नकाशा, वहीतल्या नोंदी, एसडीएसचा विभाग १० आणि हवा असलेला बदल एका पानावर लिहा, त्या लाइनवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, पोच मागा आणि उत्तराची तारीख ठरवून घ्या. ती सुधारणा झाली की पुढची जागा.

एखाद्या क्षणी जिवावर बेतणारा धोका समोर आला, म्हणजे गळती, धूर, बंद टाकीत उतरायचा हुकूम, तर आधी बाजूला व्हा आणि मग सुपरवायझरला कळवा. अशा वेळी स्वतःला धोक्यातून काढून घेण्याचा हक्क रसायनांविषयीच्या १९९० सालच्या आंतरराष्ट्रीय करारात, क्रमांक १७० मध्ये, नोंदलेला आहे.

नोकरी सोडताना हवेच्या मोजमापांच्या, आरोग्य तपासणीच्या आणि कोणत्या वर्षी कोणत्या लाइनवर होता त्याच्या नोंदींच्या प्रती मागून घ्या. विनाइल क्लोराइडमुळे होणारा यकृताचा कर्करोग संपर्कानंतर अनेक दशकांनीही दिसू शकतो, आणि तोपर्यंत कारखाना, मालक, सुपरवायझर, सगळंच बदललेलं असू शकतं. त्या वेळी डॉक्टरांना आणि भरपाईच्या दाव्याला उपयोगी पडतील ते तुमच्याकडचेच कागद. त्यांचा एक संच घरी ठेवा, आणि एक फोटो काढून विश्वासातल्या दुसऱ्या कोणाकडे.